रखमाच्या पडवीतलं जाळं

सगुणाचा जीव जळायचा तो एकाच गोष्टीवर. नंदिनी तिच्या पोटची पोर, पण मनातलं सांगायला धावायची ती थोरल्या जावेकडे, रखमाकडे.

रखमात असं होतं तरी काय? नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मिठागर सरकारनं घेतलं. दिवसभर पडवीत बसून खाडीवाल्यांची जाळी विणायची आणि सानपाड्याच्या पोरांशी गप्पा ठोकायची. भिंतीवर एक जुनं, जागोजागी फाटलेलं जाळं टांगलेलं. पोर आलं की विचारायची, "तुला काय कराचं हाय?" पोरानं मनातलं बोलायचं, त्या जाळ्यातली एक फाटकी जागा आपली म्हणून धरायची, आणि बोललेलं करून दाखवलं की ती जागा लाल सुतानं स्वतः विणायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. धर्मराज असाच पाढे शिकला, जयमाला पोहायला शिकली. सगळं गाव म्हणे, रखमानं पोरं मार्गी लावली. सगुणाला हे ऐकलं की घास गोड लागायचा नाही. हिला ना पोर ना बाळ, आणि आयांना शिकवायला निघाली!

खाडीवर पूल होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नंदिनी सातवी पास झाली आणि रखमाला म्हणाली, वाशीच्या हायस्कुलात सायकलनं जाणार, वाटेत पाय न टेकता, आणि जाळ्यातली एक जागा धरून आली. सगुणाला हे कळलं तेही शेजारणीकडून. आता सांगा, कुठल्या आईला झोंबणार नाही?

बापाची सायकल रविवारीच मिळे, एरवी तो ती घेऊन तळोज्याच्या कारखान्यात जाई. नंदिनी दांड्याखालून पाय घालून कैची मारायची आणि धडपडायची. सगुणा पदर खोचून धावली, "थांब गो, मी सीट धरतंय."

"नको आये. मी काकीला बोललंय, माझी मीच शिकनार."

काकी, काकी, काकी! सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मनाशी हिशेब मांडला. ती फाटकी जागा एकदा विणली गेली, की पोरीला तिथं जायचं कारणच उरणार नाही, ती परत आपल्याजवळ येईल.

दुसऱ्या दिवशी रखमा मासळी घेऊन वाशीला गेली. भर दुपारी सगुणा पडवीत शिरली, लाल सूत घेतलं आणि नंदिनीची जागा झक्क विणून टाकली. हात कसला सफाईदार तिचा!

पण हात डावा. आळीत डावखुरी तेवढी तीच, तिची गाठ उलट्या अंगाला पडायची. संध्याकाळी नंदिनीनं जाळं बघितलं आणि तिथंच बसकण मारली. "आये, तुना का विनलंस? मना अजून येत नाय! आता सगली हसतील." पोर हमसून हमसून रडली. सगुणाला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. रडतानाही पोरगी रखमाच्याच पदरात शिरली होती.

रखमा ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सगुने, तुझी गाठ तूच सोड."

पोरांच्या देखत सगुणानं एकेक गाठ सोडली. रखमानं मग पोरांना विचारावं तसंच तिला विचारलं, "तुला काय पायजे?"

सगुणा फणकारली, "मना पायजे माझ्या पोरीनं मना आधी सांगावं! तुला नाय, मना!"

"मंग घे एक जागा," रखमा म्हणाली.

सगुणानं कोपऱ्यातली सगळ्यात मोठी फाटकी जागा दाखवली. पण पोरीच्या मागं लागणं तिनं सोडलं. रविवारी नुसती उंबऱ्यात बसायची. पोर पडली की जीभ चावायची, पण उठायची नाही. फार जड जायचं तिला ते.

शाळा उघडली. त्या दिवशी बाप एसटीनं कामाला गेला आणि नंदिनी त्याच्या सायकलनं वाशीला जाऊन आली, पाय न टेकता, आणि स्वतःच्या हातानं वेडीवाकडी गाठ मारून आली. घरी येऊन भाकरी थापणाऱ्या आईजवळ टेकली.

"आये, मना म्याट्रिक होऊन नर्स व्हायचं हाय. काकीला अजून नाय सांगितलं."

सगुणाचा हात पिठातच थांबला. तव्यावर भाकरी करपली तरी तिला पत्ता नाही. मग ती तशीच, पिठाच्या हातानं, रखमाच्या पडवीत गेली आणि आपली जागा विणायला बसली.

रखमा पुढं सरकली. "काय बोलली गो पोर?"

सगुणानं गाठ दातानं घट्ट ओढली.

"नाय सांगनार," ती म्हणाली.