हिरॉइनच्या जागी

"नीघ! तुमची जागा उकिरड्यावर. माझ्या पोराशी लगीन करती?"

मालकानं मला ढकललं. तीन पायऱ्या खाली, चिखलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात सिनेमाचं शूटिंग होतं. बड्या घरचा पोरगा, मजुराची पोरगी, त्यांचं प्रेम. मुंबईची हिरॉइन चिखलात पडणार नव्हती. म्हणून तिचे कपडे घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून मी पडत होते. पोराच्या बापाचं काम गावच्या मालकाला दिलेलं. शूटिंगचं घरही त्याचंच. मी आणि आई त्याच्याच हळदीच्या रानात राबायचो.

सिनेमाच्या कागदावर 'नीघ' एवढंच होतं. बाकीचं मालकाच्या मनातलं.

"वा! एकदम ओरिजिनल," डायरेक्टर म्हणाला. "पुन्हा एकदा."

दुसऱ्या वेळी मालकानं माझी जात काढली. तिसऱ्या वेळी आईवरून शिवी. माझं कोपर फुटलं. आई गर्दीतच होती, तोंडात पदर धरून. छत्रीखालची हिरॉइन म्हणाली, "छान पडतेस गं तू."

मला काही सुचेना. खोटं म्हणावं तर शब्द रोजचेच. खरं म्हणावं तर लोक हसून बघत होते.

"पुन्हा एकदा."

मी पायऱ्या चढले. मालक हळूच म्हणाला, "नीट पड. सवय हाय ना तुमाला."

"मी न्हाई पडत."

"काहून?"

"तुमी नाटक न्हाई करून राहिले, मालक."

डायरेक्टरनं घड्याळ बघितलं. ते कपडे माझ्या चुलत बहिणीला घातले. ती पहिल्याच वेळी बराबर पडली. मी कोपर धरून बघत राहिले.

"काय मिळालं तुला?" आईनं घरी विचारलं. "उद्या कुठं जायचं कामाला?"

दुसऱ्या दिवशी मालकाच्या मुकादमानं आम्हाला बांधावरूनच परत पाठवलं. आता आम्ही वारंगा फाट्यावर एका हॉटेलात भांडी घासतो.

सिनेमा आला. गावानं मोबाइलवर बघितला. शेवटी बाप सुनेला घरात घेतो. बायका रडल्या. मालकाच्या शिव्या कापून टाकल्यात. सिनेमातला बाप नुसता रागीट दिसतो.

मी ते सगळे शब्द कागदावर लिहून काढलेत. जातीसकट. आईवरच्या शिवीसकट. खाली माझी सही.

आई म्हणते, फाड.

फाडणार नाही. सोमवारी पोलीस ठाण्यात जाणार आहे. चुलत बहीण साक्ष देणार नाही म्हणाली. कुणीच देणार नाही.

तरी जाणार.