आधी बोट, मग माउस

हे सगळं मी सांगतोय तसंच घडलं का, याची मला खात्री नाही. हल्ली चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, पण लॅबमध्ये कोण काय म्हणालं ते लख्ख आठवतं. ते त्यानंच म्हटलं होतं का, ही शंका पुन्हा वेगळी! पण लॅबचे किस्से साठत जातात हे खरं. खणात सुटे रेझिस्टर साठतात ना, तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण एक शोधायला जावं तर मूठभर हाताला लागतात.

आमचं कॉलेज नाशिकचंच. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि विभागानं ठरवलं की प्रॅक्टिकल आता सगळ्यांनीच संगणकावर घ्यायची. सर्किट पडद्यावर काढायचं, चालवायचं, ग्राफही तिथंच बघायचा. माझी सगळी नोकरी ग्राफपेपर आणि टोकदार पेन्सिलीवर झालेली. नावाआधी ‘डॉक्टर’, आणि माउस धरला की बाण भलतीकडंच पळायचा!

आम्हाला शिकवायला निकम मॅडम होत्या. सटाण्याकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांची लॅब आधीपासूनच संगणकावर चालायची, आणि मी तिथं पोरांबरोबरच बसून शिकायचो. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “पोरांसमोरचं माझं पहिलं प्रॅक्टिकल फसलं, तर मी लवकर निवृत्ती घेणार. हसं करून घ्यायचं नाही मला.”

“बघू, सर,” एवढंच म्हणाल्या.

*

माझा पहिला ग्राफ. मॅडम म्हणाल्या, “रन केलं की कर्सर वायरवर न्या, सर. तिथं क्लिक केलं की त्या जागेचं व्होल्टेज वर दिसेल.”

मी विचारलं, “स्केल कोणती घ्यायची?”

“ती सॉफ्टवेअर स्वतःच घेतं.”

हे मला फार उद्धट वाटलं! पण क्लिक केलं आणि हिरवी लाट उमटली. मी नकळत खिशातली स्टीलची पट्टी काढून पडद्याला लावली. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

मॅडम हसल्या नाहीत. “थांबा. सर, किती येतंय तुमचं?”

मी शिखराची उंची सांगितली. त्यांनी कर्सर शिखरावर नेला. आकडा जुळला.

“चला,” त्या वर्गाला म्हणाल्या, “सॉफ्टवेअर बरोबर आहे!”

*

एकदा रेझिस्टरमधून जाणाऱ्या करंटचा ग्राफ काढला, तर तो शून्याच्या खाली! साध्या सर्किटमध्ये करंट उलटा? रविवार सगळा त्यातच गेला. घरी कागदावर पुन्हा पुन्हा समीकरणं मांडली. प्रत्येक वेळी उत्तर धनच येई. मला वाटलं, इतकी वर्षं मी पोरांना चुकीचंच शिकवलं.

सोमवारी ते कागदांचं बाड मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्या एकदम माहेरच्या अहिराणीवर गेल्या, “हाई काय शे?”

मग त्यांनी पडद्यावरचा रेझिस्टर फिरवून उलटा ठेवला आणि पुन्हा रन केलं. ग्राफ शून्याच्या वर.

“करंट कुठल्या टोकाकडून मोजायचा, ते यानं आधीच ठरवलेलं असतं, सर. तुमची समीकरणं सगळी बरोबर आहेत. पोरांना हेच बाड दाखवा. एवढी तपासणी कोण करतं हल्ली!”

*

त्यांच्या लॅबचा एक नियम होता. रन दाबायच्या आधी ग्राफ कसा येईल ते प्रत्येकानं हवेत बोटानं काढून दाखवायचं. चुकला तरी चालेल, पण काढायचाच. “अंदाज नसेल तर पडदा जे दाखवेल ते खरं वाटतं,” असं त्यांचं म्हणणं.

एकदा प्राचार्य दारातून डोकावले. आत सगळा वर्ग हवेत बोटं नाचवतोय! त्यांत मीही.

“मॅडम, गाण्याचा क्लास आहे का?”

“नाही सर, अंदाजाचा.”

मी गॅलरीतसुद्धा हवेत ग्राफ काढू लागलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना वाटलं मी त्यांना हात करतोय. तेही रोज हात करू लागले!

*

निफाडकडचा एक पोरगा होता, बोरस्ते. द्राक्षवाल्यांच्या घरातला. त्यानं पॉवर सप्लायचं सर्किट काढलं. आउटपुट सरळ आडवी रेघ यायला हवी, तर पडद्यावर नुसते डोंगर आणि दऱ्या.

“सर, लय हालतंय हो हे!”

मी घाबरलो. म्हटलं, डिझाइन बदल. कपॅसिटर बदल. सगळंच बदल!

मॅडम आल्या. “बोरस्ते, डावीकडं बघ. उभ्या अक्षावर काय लिहिलंय?”

“नॅनोव्होल्ट. व्होल्टचा अब्जावा भाग.”

“म्हणजे किती हालतंय?”

“म्हणजे... हालतच नाय, मॅडम.”

“सॉफ्टवेअर काहीही पडदा भरून दाखवतं. मोठं की छोटं ते आपण डावीकडं बघून ठरवायचं. मग घाबरलं कोण?”

बोरस्ते माझ्याकडं बघून म्हणाला, “मीच घाबरलो, मॅडम!” गुणी पोरगा.

घरी हे सांगितलं, तर आमची ही म्हणाली, “त्या बाईंना एकदा जेवायला बोलवा. तुमच्या काळज्यांच्या डावीकडं काय लिहिलंय, तेही वाचून दाखवतील!”

*

शेवटी माझं पहिलं प्रॅक्टिकल आलं. विषय ऑसिलेटर. म्हणजे बाहेरून काही सिग्नल न देता स्वतःहून लाट तयार करणारं सर्किट. मॅडम सगळ्यांना देत तशी सर्किटची तयार फाइल त्यांनी मलाही दिली होती. मी बोटानं हवेत छान लाट काढली, पोरांनीही काढली. रन!

सपाट रेघ.

पुन्हा रन. सपाट. डावीकडं बघितलं. शून्य म्हणजे शून्य. मनात निवृत्तीचा अर्ज लिहून झाला.

शेजारच्या खोलीतून मॅडम दारापर्यंत आल्या. आत मात्र आल्या नाहीत. “सर, टेबलावरच्या खऱ्या सर्किटला सुरुवात कोण करून देतं?”

आणि मला दिसलं! खऱ्या सर्किटमध्ये नॉइज असतो, कधीच न थांबणारी बारीक खरखर. त्यातूनच लाट उगवते. हा धडा मी नोकरीभर शिकवला, पोरं त्यात नोकरीभर झोपली. पडद्यावरचे पार्ट मात्र निर्दोष. खरखर नाही, म्हणून सुरुवातच नाही!

मी हे फळ्यावर सांगितलं. मग एका कपॅसिटरवर सुरुवातीला अगदी नखाएवढं व्होल्टेज ठेवलं, एक बारीकसा धक्का. रन. रेघ थरथरली, फुगत गेली, आणि पडदाभर लाट. पोरांनी बाकं वाजवली. बोरस्ते ओरडला, “सर, चालू झालं!”

मी पूर्ण मुदतीनं निवृत्त झालो.

परवा इंदिरानगरमध्ये एका लग्नात जाधव भेटला. माझ्या त्या बॅचच्या आधी कधीतरी मॅडमकडं शिकलेला, आता तीच लॅब तोच बघतो. मी सहज विचारलं, “ऑसिलेटरला अजून सपाट रेघ येते का रे पोरांना?”

“सपाट? नाही, सर. मॅडमच्या फाइलमध्ये तो धक्का आधीपासूनच दिलेला असतो. मी शिकत होतो तेव्हाही होता.”