वहिनीचा भूगोलाचा पेपर

दादाचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकच्या काउंटरवर पेशंटांची नावं लिहून घेत होते. "शुभा, वैशाली उठत नाहीये गं," एवढंच तो बोलला. मी म्हटलं, "झोपू दे ना रे, कालच पेपर झालाय तिचा." हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी त्यांच्या टेबलावरची पेनं बघत होते. आता काही आठवडे उलटले, पण मला नीट रडू आलेलं नाही. सगळे म्हणतात, येईल हळूहळू... येईल तेव्हा येईल.

वैशाली माझी वहिनी. रत्नागिरीकडची, दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन गोडदेवला आली. पुढे अंगणवाडीत मदतनीस झाली. तिथल्या सेविका निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी बारावी पास लागत होतं. "पोरांना गाणी मी शिकवते, खाऊ मी भरवते, मग बाई म्हणून पण मीच बसेन की," म्हणाली आणि चाळिशी उलटल्यावर बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आली. मी म्हटलं, "ह्या वयात?" तर म्हणे, "मग काय, नातवंडं झाल्यावर बसू?"

पण पुस्तक घेऊन बसायला वेळ कुठला? म्हणून तिने सगळा अभ्यास फोनमध्ये कोंबला. एकेका विषयाचा एकेक ग्रुप, त्यात धड्यांचे फोटो आणि महत्त्वाचे प्रश्न. एकटीचा ग्रुप काही होईना, म्हणून ती दर वेळी मला त्यात घ्यायची आणि लगेच काढून टाकायची. मराठीतून काढलं, इतिहासातून काढलं... मी फोन करून भांडायचे, "नणंदेला घराबाहेर काढायची फारच हौस गं तुला!" ती खो खो हसायची.

उत्तरं मात्र ती बोलून ठेवायची. स्वतःच्या आवाजात धडा रेकॉर्ड करायचा आणि पोळ्या लाटताना ऐकायचा. दादा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहे. दिवसभर मशीनचा खणखणाट ऐकून घरी आला की वैतागायचा, "अगं, तू इथे बोलतेस, फोनमध्ये पण तूच बोलतेस. मी जाऊ कुठे?" एकदा तर तिने 'लोकसंख्येची घनता' चुकून अंगणवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. एका गुजराती आईचा लगेच मेसेज, "मॅडम, ये बच्चे को कल तक याद करवाना है क्या?" वहिनी लाजून लाल. पण दुसऱ्या दिवशी त्या आयांना खरं काय ते कळलं आणि पेपरच्या दिवसांत त्यांच्यातली एकेक जण रोज तिच्यासाठी डबा देऊन जायला लागली.

सगळे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा राहिला. त्या दिवशी परीक्षेच्या वेळेला आम्ही स्मशानात होतो.

परवा निकाल लागला. बघायचा की नाही, ह्यावर मी दोन कप चहा प्यायले आणि बघितला. सगळ्यात पास, मराठीत तर चांगलेच मार्क. भूगोलापुढे गैरहजर, म्हणून खाली नापास. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. दादाला समोरासमोरच सांगावं म्हणून संध्याकाळी गोडदेवला गेले.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज येत होता, "केंद्रित वस्ती म्हणजे घरं एकमेकांना चिकटून. आपलं गोडदेव आठवायचं." दादा ओट्याला टेकून ऐकत उभा होता. रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि त्याचा हात गॅसच्या बटणाकडे गेला. गॅस बंदच होता.

मी निकाल सांगितला. "मराठीत एवढे?" म्हणाला.

"शुभा, मला सगळा पाठ झालाय बघ भूगोल. तिच्या नावावर मी पेपर दिला तर चालेल का गं?"

दादा नववी नापास आहे. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो अजिबात थट्टा करत नव्हता.

"नाही चालत रे दादा."

"हं," म्हणाला. फोन हातात तसाच. "मग एवढं पाठ झालंय, त्याचं काय करायचं?"