स्प्रूसच्या फळ्यांतले खळगे

जर्मनीत गार्चिंगला पीएचडी करत असताना मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. खोलीची जमीन स्प्रूसच्या फळ्यांची, त्यांच्या नवऱ्याने स्वतः बसवलेली. हे लाकूड हलकं, सरळ, छपराच्या तुळयांना उत्तम, पण मऊ, नखसुद्धा उमटतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. टाचांचे बूट घालू नकोस म्हणाल्या. मला हसूच आलं. आपण घरात चप्पल तरी कुठे घालतो!

पण पुण्याहून आणलेला लोखंडी खलबत्ता मी त्याच जमिनीवर ठेवला आणि आईसारखी मांडी घालून दर रविवारी मसाला कुटला. आईच्या खाली शहाबादी फरशी असायची, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात आलं नाही. खळगे दिसले तेव्हा मी त्यांच्यावर सतरंजी टाकली, शहाणी!

खोली सोडायच्या दिवशी सतरंजी उचलावीच लागली.

"हे आधीपासून होतं," मी म्हणाले.

माझ्या आधी तिथे राहिलेली मुलगी त्यांना अजून दर नाताळला पत्र पाठवायची. माझ्यानंतर पुण्याचीच माझी एक मैत्रीण येणार होती, तिची खोली जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले, असं मी मनाला समजावलं. तेही खोटंच. मला फक्त बाईंच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

"आधीच्या मुलीने मला कधी सांगितलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. मग खाली जाऊन इस्त्री आणि ओलं पांढरं फडकं घेऊन आल्या. मऊ लाकडाचं एक बरं असतं. दबलेले तंतू तुटले नसतील, तर वाफेने फुगून वर येतात. त्या गुडघे टेकून बसल्या आणि फडक्यावरून तीन ठिकाणी इस्त्री दाबली. खळगे खरंच भरून आले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यांनी फडकं उचललं. त्यावर तीन गोल, पिवळे डाग होते. हळद.

माझ्या हातची आमटी त्यांनी कितीदा तरी खाल्ली होती, तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. डाग आत जातील अशी त्यांनी फडक्याची घडी घातली.

"तुझ्या मैत्रिणीला सांग," त्या म्हणाल्या, "कुटायचं असेल तर मागच्या दाराशी दगडी पायरी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगेन, एवढंच मी म्हणाले. ते खळगे माझे होते, हे तेव्हाही तोंडातून निघालं नाही.