मारुतीच्या अंघोळीचं पाणी

देव आपल्या हाकेला ओ देतो की नाही, ही शंका मला त्या सकाळी आली, आणि तीही देव माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर असताना. पिकअपच्या हौद्यात कडब्यात गुंडाळलेला दगडी मारुती होता. माझ्या सासरवाडीला, आसेगावला, त्याची प्रतिष्ठापना होती. मुहूर्त अकराचा. सासरे ट्रॅक्टर पाठवत होते, पण मीच हट्टाने म्हणालो, "देव माह्याच गाडीत येईन." वाशीम मागे पडलं आणि तुरीच्या एका वावराशेजारी तीच गाडी बंद पडली.

चावी फिरवली की इंजिन नुसतं घुरघुरायचं. मी पडलो भाजीपाल्याचा माणूस. डिझेल पाहिलं, ते होतं. मग डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. शेजारून बायको म्हणाली, "मागं बसेल आहे त्यानं पहाड उचलला होता. त्यालेच म्हना, जरा धक्का मार."

तेवढ्यात स्कूटीवरून जाणाऱ्या एक बाई थांबल्या. आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकवते म्हणाल्या. त्यांनी चावी अर्धी फिरवली. "भाऊ, समोरचा इंजिनचा पिवळा दिवा लागाले पाह्यजे, तो लागून नाही राह्यला. गाडीचा कंप्युटर कुठी आहे?"

"ताई, वांगे विकाले कंप्युटर कायले लागते?"

त्या हसल्या. इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं हे ठरवणारा एक डबा प्रत्येक नव्या गाडीत असतो, असं त्यांनी समजावलं. मी भारावून नमस्कार केला.

"हात नका जोडू, टॉर्च धरा."

बायकोच्या पायांपुढचा कप्पा त्यांनी काढला. मागे तळहाताएवढी चपटी पेटी निघाली, तिला प्लगने जोडलेला वायरींचा जाड झुबका. त्यांनी आधी फ्यूज पाहिला, मग बारीक दिव्याची सुई वायरीला टेकवली. सुईचा दिवा लागला. "वीज प्लगपरेंत येते. पुढं जाऊन नाही राह्यली." बॅटरीची वायर सोडून त्यांनी प्लग उपसला. आतून पाणी ठिबकलं. पिनांवर हिरवा थर होता.

"एवढं पानी कुठून आलं?"

माझी नजर डॅशबोर्डवरच्या छोट्या मारुतीवर गेली. रोज सकाळी मी त्याला तांब्याभर पाण्याने अंघोळ घालायचो. ओल्या फडक्यानं पुसा, असं बायको वर्षभर सांगत होती. आता तिने पिशवीतून फडकं काढून माझ्या हातात दिलं.

बाईंनी पिना घासल्या, प्लग उन्हात सुकवला, परत बसवला. पिवळा दिवा लागला, इंजिन सुरू झालं. नाव विचारेपर्यंत त्यांची स्कूटी वळणापार गेली होती.

मुहूर्त चुकला. गुरुजींनी पंचांग चाळून दुपारचा दुसरा काढला. देवापुढे डोकं टेकवताना मागायचं काही सुचेना. त्या बाईंना पाठवल्याबद्दल डोळे मात्र भरून आले. देवाला शरण जाणं मला आयुष्यभर सोपंच वाटत आलं, कारण तो उलटून काही बोलत नाही. म्हणून उठलो, मंडपात बायकोजवळ गेलो आणि म्हणालो, "तुहंच बरोबर होतं."

ती म्हणाली, "जरा जोरानं म्हना, माह्या मायलेबी ऐकू जाऊ द्या."

मी जोरानं म्हणालो.