लगाम ओढला की पळणारा घोडा

शर्यतीतून काढलेल्या घोड्यांपैकी कितीतरी कत्तलखान्यात जातात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. मला त्याचा संताप यायचा, अजूनही येतो. म्हणून दर रविवारी मी इथे जपानमध्ये फुनाबोरी स्टेशनबाहेर पत्रकं वाटायचे.

त्या वसंतात बाबा माझ्याकडे राहायला आले होते. लष्कराच्या घोडदळात उभी नोकरी काढलेला माणूस, माझ्या खुराड्याएवढ्या फ्लॅटमध्ये जीव रमेना. एका शनिवारी त्यांना शहराबाहेरच्या, काउबॉय थाटाच्या घोडेस्वारी क्लबात नेलं. मालक सत्तरीचे आजोबा, डोक्यावर रुंद हॅट, पायांत टोकदार बूट. त्यांचा एक तपकिरी घोडा सोमवारी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढणार होता. कारण काय, तर शर्यतीतून आलेला, कुणाला आवरत नाही, गिऱ्हाइकं पाडतो.

मी तिथल्या तिथे भडकले. होती नव्हती तेवढी जपानी ओतून म्हटलं, "आयुष्यभर पळवलंत, आता मारायला देता?" आजोबांनी हॅट काढून कमरेत वाकून माफी मागितली. घ्या! इथे माफी मागितली की भांडणच संपतं. ट्रक मात्र येणारच होता.

"झालं भाषण?" बाबा म्हणाले. "आता त्यांना विचार, हा उधळला की वर बसलेला काय करतो?"

मी विचारलं. आजोबा म्हणाले, "घाबरून लगाम ओढतो. जितका ओढावा तितका हा सुसाट."

"पळणारच! लगाम ताणला की जोर लाव, हेच शिकवलंय त्याला शर्यतीत. बिचारा हुकूम पाळतोय. खोगीर चढवायला सांग."

"बाबा, तुमचं वय काय!"

"छाप तुझ्या पत्रकात."

बाबा बसले आणि घोडा सुटला! रिंगणाला एक फेरा, दोन फेरे, माती अंगावर उडतेय, आणि कठडा धरून मी बोंबलतेय, "ओढा, बाबा, ओढा!" बाबांनी डाव्या हातातला लगाम चक्क सैल सोडला आणि खोगिरात जड होऊन बसले. घोड्याचे कान मागे वळले. वेग उतरला. दुडकी. मग साधी चाल. थांबला! खरंच थांबला!

आजोबा धावत आले. "एका हाताने!" काउबॉयचा दुसरा हात गुरं पकडायच्या दोरासाठी मोकळा, आमच्या बाबांचा भाल्यासाठी. भाषा एकाला दुसऱ्याची येत नाही, पण दोघे हवेत हात फिरवून एकमेकांना दाखवतायत आणि खदाखदा हसतायत.

मग आजोबा गंभीर झाले. "ठेवतो मी याला. पण कुणीतरी दर आठवड्याला असं बसायला हवं. तुमचे वडील तर परत जाणार."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. जनावराच्या पाठीवर बसणं हा अत्याचार, असं मी स्वतः लिहून छापलेलं. पण बसले नाही तर ट्रक.

"रिकिबीत पाय घाल, बघतेस काय!" बाबा ओरडले.

चढले. घोडा हलला तशी किंचाळले, पण लगाम ओढला नाही.

सोमवारी मांड्या आखडल्या होत्या, ऑफिसात बदकासारखी चालत होते. दुपारी आजोबांचा मेसेज आला, ट्रक रिकामा परत गेला. त्या चिडीचूप ऑफिसात मी अशी ओरडले की सगळ्यांची डोकी स्क्रीनवरून वर आली. येऊ देत!