डाव्या मनगटाचे दोरे

सकाळी चूल पेटवायच्या आधी मी आमच्या म्हाताऱ्याचा डावा हात कानाशी धरते. मनगटाच्या जरा वर आतल्या आत गुणगुण चालू असते, मांजर पोटाशी येऊन झोपल्यासारखी. ती ऐकली की मगच भात वाफवायला ठेवते. शेजारणी हसतात. "या वयात नवऱ्याचा हात सोडवेना का गं, बुआलाई?" हसोत मेल्या. त्यांच्या नवऱ्यांची मूत्रपिंडं शाबूत आहेत.

आमचा म्हातारा म्हणजे खामसिंग. अख्खं गाव त्याच्या हातचे दोरे बांधून लहानाचं मोठं झालंय. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वन असतात, ख्वन म्हणजे प्राणच म्हणा. माणूस घाबरला, आजारी पडला की एखादा पळून जातो रानात. मग खामसिंगला बोलवायचं. तो केळीच्या पानांच्या मखरापुढे बसून गाऊन गाऊन त्याला परत आणणार आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून आत कोंडणार. बाळ जन्मलं, लग्न लागलं, कुणी तैवानला कामाला निघालं, दोरा खामसिंगचाच. आणि नियमाचा असा कडक, की तीन दिवसांच्या आत कुणी दोरा काढला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. दोऱ्याला कात्री लावणाऱ्याला तर दारात उभा करायचा नाही.

मूत्रपिंडं बसली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात घाईघाईने त्याच्या मानेत नळी घातली. त्या नळीतून रक्त मशीनला जाणार, धुऊन परत येणार. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, नळी तात्पुरती, हातातल्या शिरा जोडून घ्या. पण हा ऐकेल तर शपथ. "या हातावर सुरी चालवून घेऊ? मग कुठल्या तोंडाने याच हाताने लोकांना आशीर्वाद देऊ?"

असं करत भाताची एक कापणी होऊन गेली. मोठं दुखणं असं काही नाही, पण बरंही नाही. संध्याकाळी अंग कोमट. मशीनवर बसला की कधीकधी हुडहुडी. आंबवलेल्या माशासाठी एरवी भांडणारा माणूस, त्याचा वास आला तरी मान फिरवेना. रक्त वाढायची इंजेक्शनं दिली, तीही लागू पडेनात. बरगड्या मोजून घ्या.

प्रानी नावाची नर्स आहे तिथे. याला 'फॉ' म्हणते नि मला 'मे', म्हणजे बाप नि आई. एक दिवस तिने याला धारेवरच धरलं.

"फॉ, ही नळी म्हणजे उघडं राहिलेलं दार. तुमचं अंग तिथे रात्रंदिवस पहारा देतंय. चोर येवो न येवो, पहारेकरी जागाच. खाल्लेलं सगळं त्या पहाऱ्यातच जळतंय, मग अंगाला काय लागणार?"

राखेखालचा निखारा असतो ना, तसं ते. मला कळलं. आणि यालाही कळलं, कारण उघडं दार नि पळून जाणं हा तर याचा धंदाच!

"म्हणजे माझे ख्वन या मानेतून जातायत होय? मग हे आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून याने हात पुढे केला.

डाव्या मनगटाजवळ शिरा जोडल्या. शीर फुगायला म्हणून मुठीत चेंडू दाबायला सांगितला होता. चेंडू कुठला आणू? मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गार चिकटभाताचा गोळा बांधून दिला, हा दिवसभर तो दाबत बसायचा. शीर चांगली दोरखंडासारखी झाली, आतून रक्त धावायची गुणगुण ऐकू यायला लागली. मग सुया तिथेच टोचायला लागले नि मानेतली नळी निघाली. ताप गेला. एक दिवस मशीनवरून आला नि म्हणाला, "कच्ची पपई कूट की गं, मिरची घालून." मी चुलीमागे जाऊन रडून घेतलं.

प्रानीने बजावलं होतं, "या हाताला घड्याळ नाही, ओझं नाही, त्यावर झोपायचं नाही. काही बांधायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. शीर बंद पडली तर पुन्हा मानेत नळी."

म्हातारा बरा झाला म्हणून गावाने त्याचेच ख्वन बोलवायचं ठरवलं. मी दारातच प्रत्येकाला सांगितलं, उजव्या हाताला बांधा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी आत भात बघायला गेले आणि तिकडे आमच्या वन्सं सरसावल्या. याची थोरली बहीण सीदा. आई गेल्यावर हिनेच याला काखेला मारून वाढवलं.

"एकच हात?" आतपर्यंत ऐकू आलं मला. "एक दार लावायचं नि दुसरं उघडं ठेवायचं? मशीनवाल्यांना काय कळतंय!"

थोरल्या बहिणीपुढे हा हात मागे घेणार? तिने बाही सारली नि करकचून गाठ मारली. तिने बांधला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात! मी बाहेर आले तर मनगट दोऱ्यांत बुडालेलं.

"काढ ते आधी," मी म्हटलं.

"तीन दिवस," तो म्हणाला. "जन्मभर लोकांना सांगितलं, आता मीच मोडू? सैल आहेत गं."

सैल कसले! सकाळी हात कानाशी धरला. काही नाही. पुन्हा धरला. दूर कुठेतरी डास असावा तेवढंच. प्रानीला फोन लावला.

"मे, आधी कापा, मग बोला," ती ओरडली. "आणि कापलं की लगेच इकडे घेऊन या!"

मी कात्री आणली. याने उजव्या हाताने डावा हात पोटाशी धरला. "कात्री नाही. ख्वन तुटतात."

"अरे मेल्या, तूच तुटशील!" मी बोंब ठोकली. ती ऐकून वन्सं पलीकडच्या घरातून धावत आल्या. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की हाताचा आवाज जातोय, मानेत पुन्हा नळी येणार. त्यांचं तोंड पांढरं पडलं. गाठीशी झोंबल्या, पण म्हाताऱ्या बोटांना गाठ सुटेना.

मग त्या खाली बसल्या. भावाचा हात मांडीवर घेतला. "कात्री नाही म्हणालास ना? दातांचं काही बोलला नव्हतास."

पानाने काळे झालेले मोजके दात त्यांचे. शीर सोडून कडेने एकेक दोरा धरायच्या नि कुरतडायच्या. दोऱ्याला थुंकी, डोळ्यांना पाणी. याने हात हलवला नाही. शेवटी राहिली त्यांची स्वतःची गाठ, सगळ्यांत घट्ट. ती तुटली, तरी त्यांनी तोंड उचललं नाही.

"वन्सं, सोडा आता. मला ऐकू दे."

"गप गं." त्यांचे ओठ तसेच मनगटाला टेकलेले. बारीकसं ऐकायला तर त्यांना कधीचंच येत नाही. "आला," त्या म्हणाल्या. "ओठांना लागतोय. आला बघ परत."